मार्केटिंगमध्ये मानसशास्त्र कसं वापरायचं: नवख्यांसाठी आठ पायऱ्या, माझ्या चुकांसकट

वर्तनशास्त्राची गोडी लागली की पहिला उद्योग सगळे एकच करतात. मनाच्या चकव्यांची लांबलचक यादी जमवतात. मीही जमवली. अँकरिंग (आधी दिसलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाणं), तोट्याची भीती, टंचाई, सामाजिक पुरावा (इतर करतात म्हणून आपणही करणं) अशी चाळीसएक नावं छापून टेबलासमोर चिकटवली आणि आमच्या ऑनलाइन छायाचित्रण वर्गाच्या पानावर एकेक लावत सुटले. पानावर उलटं धावणारं घड्याळ आलं, 'शेवटच्या ३ जागा' आलं, लाल बटण आलं. नोंदणी होती तिथेच राहिली. बऱ्याच दिवसांनी कळलं की लोक फॉर्म भरत होते, ओटीपीची वाट पाहत होते, तो येत नव्हता आणि ते कंटाळून निघून जात होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी माणूस नेमका कुठे थांबतो ते शोधायचं, मग का थांबतो ते, आणि सगळ्यात शेवटी त्या यादीकडे वळायचं. खाली तोच क्रम दिला आहे. तुम्ही वस्तू विका, सेवा विका किंवा एखाद्या संस्थेसाठी देणगीदार शोधा, पायऱ्या बदलत नाहीत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मागच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे. पानावर किती जण आले, फॉर्म किती जणांनी उघडला, किती जणांनी पूर्ण केला, पैसे किती जणांनी भरले.
- ग्राहकांचे मेसेज, तक्रारी आणि चॅट, त्यांच्याच शब्दांत. सारांश नको. सारांश करताना नेमके कामाचे शब्द गळतात.
- अर्ध्यात थांबलेल्या पाच-सहा जणांचे नंबर, आणि त्यांनी बोलायला दिलेला होकार.
- एक जुना, संथ फोन.
- एक्सेलची एक शीट आणि एक वही.

डोळ्यांची हालचाल टिपणारी यंत्रं, 'न्यूरो' नावाने विकली जाणारी पॅकेजेस, महागडं सॉफ्टवेअर यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही.

## १. एकच वर्तन निवडा

'ब्रँडची ओळख वाढावी' हे वर्तन नाही. 'ग्राहकाचा विश्वास बसावा' हेही नाही. मी एक साधी कसोटी लावते: ज्याचा व्हिडिओ काढता येईल ते वर्तन. विश्वासाचा व्हिडिओ निघत नाही. बटण दाबणाऱ्या बोटाचा निघतो.

कोण, काय, कुठे आणि कधीपर्यंत, हे चारही एका वाक्यात बसवा. माझं वाक्य असं होतं: 'मोफत तासाला नाव नोंदवलेल्या माणसाने त्या दिवशी, ठरल्या वेळी, लिंक उघडून वर्गात यावं.' हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, कारण तोवर मी नोंदणी वाढवण्याच्याच मागे होते. खरी अडचण हजेरीची होती.

## २. गळती कुठे आहे ते बघा

त्या वर्तनापर्यंतचा रस्ता टप्प्याटप्प्याने कागदावर काढा आणि प्रत्येक टप्प्यासमोर आकडा लिहा. समजा पानावर १,००० जण आले, ३०० जणांनी फॉर्म उघडला, ९० जणांनी पूर्ण केला आणि ४० जण वर्गात आले.

नवखा माणूस इथे हजार ते तीनशे ही गळती पाहून घाबरतो आणि पानाचा रंग बदलायला घेतो. ते ७०० जण बहुधा चुकून आलेले असतात, सहज डोकावलेले असतात. त्यांना सोडून द्या. ज्याने फॉर्म उघडला त्याने इच्छा दाखवली आहे. इच्छा दाखवून जे २१० जण परत फिरले, त्यांच्यापाशी तुमचं काम आहे.

मग स्वतः ग्राहक होऊन तो सगळा रस्ता चाला. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर, वेगवान वायफायवर नको. जुना फोन घ्या, एका हातात धरा, नेट मंद असताना बघा. प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा. जिथे तुम्हाला स्वतःला 'आता काय?' असं वाटलं तिथे खूण करा. ओटीपीचा घोळ मला आकड्यांतून सापडला नाही, असा सापडला.

## ३. थांबलेल्या माणसाला समोर बसवा

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीसुद्धा.

मी पहिल्यांदा मावशीला बसवलं. फोन तिच्या हातात दिला आणि एवढंच म्हटलं, "मावशी, या वर्गाला नाव नोंदव आणि मनात येईल ते मोठ्याने बोल." ती नाव टाकेपर्यंत सगळं ठीक होतं. चौथ्या रकान्याशी बोट थांबलं.

"जन्मतारीख कशाला हवी गं यांना?"

मी गप्प. (इथे गप्प बसणं फार अवघड जातं. बोलायचं नाही, मदत करायची नाही.)

"आणि हे 'व्यावसायिक पार्श्वभूमी' म्हणजे? मी काही व्यावसायिक नाही बाई. हा वर्ग माझ्यासारखीसाठी नसेल." तिने फोन खाली ठेवला.

आम्ही पानावर तीन ठिकाणी 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलं होतं. ते तिने वाचलंच नव्हतं. एका रकान्याच्या नावाने तिला परत पाठवलं. चाळीस चकव्यांच्या त्या यादीत 'रकान्याचं नाव' कुठेही नव्हतं.

अशा पाच जणांना बसवलंत तरी मोठे खड्डे बहुतेक उघडे पडतात. ज्यांना समोर बसवता येत नाही त्यांना फोन करा, पण प्रश्न जपून विचारा. 'तुम्ही का घेतलं नाही?' असं विचारलं की माणूस शहाणपणाचं कारण देतो, खरं देतो असं नाही. तो खोटं बोलत नसतो, त्यालाच खरं कारण ठाऊक नसतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली या विषयावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांसमोर नायलॉनच्या स्टॉकिंग्जच्या चार जोड्या मांडल्या होत्या, चारही हुबेहूब सारख्या. सगळ्यात उजवीकडची जोडी सगळ्यात डावीकडच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट जणांनी निवडली. कारण विचारल्यावर उजवीकडे होती म्हणून निवडली असं कुणीच म्हटलं नाही.

म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा:

- त्या दिवशी आमचं पान उघडलंत तेव्हा तुम्ही काय करत होता?
- शेवटी कुठला स्क्रीन आठवतोय?
- त्यानंतर काय केलंत? दुसरं कुठे बघितलंत का?
- याआधी असं काही घेतलं होतं तेव्हा ते कसं ठरवलं होतं?

'आम्ही अमुक दिलं तर घ्याल का?' हा प्रश्न तर वहीतून खोडूनच टाका. समोरचा भिडेपोटी 'हो' म्हणतो आणि आपण त्या होकारावर महिनाभर इमले बांधतो.

## ४. अडचण कोणत्या जातीची आहे ते ठरवा

बी. जे. फॉग यांचं वर्तनाचं मॉडेल इथे कामी येतं. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही कृती घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी हजर लागतात: इच्छा, ती करण्याची सोय आणि 'आता कर' असं सुचवणारी खूण. एक जरी नसली तरी काही घडत नाही.

तुमच्या नोंदींतलं प्रत्येक वाक्य या तीनपैकी एका कप्प्यात टाका. 'नंतर बघू म्हटलं आणि विसरलोच' हे खुणेच्या कप्प्यात. 'पासवर्ड मागत होता' हे सोयीच्या. 'मला याचा उपयोग काय ते कळलं नाही' हे इच्छेच्या.

मार्केटिंगवाल्यांना सगळंच इच्छेच्या कप्प्यात टाकायची खोड असते, कारण जाहिरात लिहायला मजा येते आणि फॉर्म दुरुस्त करायला येत नाही. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत जास्त चिठ्ठ्या सोयीच्या कप्प्यात पडतात.

## ५. आधी काटे काढा, मग गालिचा अंथरा

आमच्या फॉर्मला नऊ रकाने होते. प्रत्येक रकान्यासमोर मी लिहिलं: ही माहिती कोण वापरतं, कधी वापरतं? सहा रकान्यांसमोर उत्तर होतं 'कुणीच नाही'. जन्मतारीख तर कुणा एकाला वाढदिवसाचे मेसेज पाठवायचे होते म्हणून आली होती, आणि तो मेसेज एकदाही गेला नव्हता. उरले तीन: नाव, फोन, वेळ.

सोय वाढवण्याचं सगळ्यात जोरकस हत्यार म्हणजे आधीपासून निवडलेला पर्याय, म्हणजे डिफॉल्ट. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली युरोपातल्या देशांची अवयवदानाची संमती ताडून पाहिली. जर्मनीत होकार स्वतःहून नोंदवावा लागे, तिथे संमती १२ टक्के होती. शेजारच्या ऑस्ट्रियात होकार गृहीत धरला जाई आणि नकार नोंदवावा लागे, तिथे ९९.९८ टक्के. (हे आकडे संमतीचे आहेत, प्रत्यक्ष झालेल्या दानाचे नाहीत. लोक हा फरक विसरतात.) बहुतेक माणसं समोर जे निवडलेलं आहे ते तसंच राहू देतात.

यात एक सापळा आहे. डिफॉल्ट इतका जोरकस असल्यामुळेच पैशाच्या बाबतीत तो लावायचा मोह होतो. आधीच टिचकी मारलेला विमा, आधीच जोडलेली वर्गणी वगैरे. त्यातून मिळालेला ग्राहक पहिलं बिल बघून तक्रार करतो, आणि ती तक्रार रास्त असते. डिफॉल्ट फक्त तिथे लावा जिथे बहुतेक ग्राहकांनी विचार करूनही तेच निवडलं असतं.

दुसरा सापळा मला महागात पडला. फॉर्म इतका सोपा केला की नावं भराभर आली, पण वर्गात येणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. थोडा अडथळा कधीकधी चाळणीचं काम करत असतो. तो मी सगळाच काढून टाकला होता. उपाय म्हणून रकाने परत वाढवले नाहीत, 'वेळ' या रकान्याचा प्रश्न बदलला: 'कोणत्या दिवशी, किती वाजता बसणार?' आणि उत्तर त्यांनाच टाइप करायला लावलं. माणसाने स्वतः दिवस आणि वेळ लिहिली की तो ती जास्त पाळतो. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीसाठी तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सुचवलं, तर लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्के-गुणांनी वाढलं, म्हणजे शंभरात चार जण जास्त. दिसायला लहान, पण त्यासाठी खर्च झाला तो पत्रातल्या दोन रिकाम्या चौकटींचा.

## ६. आता मजकूर

इथवर आलात की यादी उघडायची परवानगी आहे.

आधी आमचा जुना आठवणीचा मेसेज वाचा:

> प्रिय ग्राहक, आमच्या मोफत प्रात्यक्षिक सत्रासाठी नोंदणी केल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळास भेट द्यावी.

आणि हा नवा:

> नमस्कार. आज संध्याकाळी ७ वाजता तुमचा छायाचित्रणाचा पहिला तास. ही वेळ तुम्हीच निवडली होती. कॅमेरा नको, हातातला फोन पुरे. आत यायला इथे दाबा. आज जमणार नसेल तर नुसतं 'उद्या' असं उत्तर पाठवा, दुसरी वेळ देते.

पहिलं वाक्य वेळ सांगतं. दुसरं, त्यांनीच दिलेला शब्द त्यांच्यासमोर ठेवतं. तिसरं मावशीसाठी आहे: 'माझ्याकडे कॅमेरा नाही' ही शंका फोनवर बोलताना तीन जणांनी काढली होती. चौथ्यात एकच कृती आहे, 'अधिक माहिती'सारखा फाटा नाही. पाचवं नकाराची वाट सोपी करतं, म्हणजे न येणाराही गायब होत नाही, हाताशी राहतो. यात एकही भारी युक्ती नाही. सगळं तिसऱ्या पायरीतून आलं आहे.

आता ज्या युक्त्या मी खरंच वापरते त्यांच्याबद्दल थोडं.

इतर लोक काय करतात ते सांगणं. 'हजारो समाधानी ग्राहक' हे वाक्य डोळ्यांवरून नुसतं सरकतं. जवळच्या, आपल्यासारख्या माणसांचा दाखला चालतो. नोआ गोल्डस्टीन (मघाचे डॅनियल गोल्डस्टीन वेगळे), मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालडिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांचा २००८ चा हॉटेलातल्या टॉवेलांचा प्रयोग बघा. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असं लिहिलेल्या खोल्यांत ३५.१ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. बहुतेक पाहुणे असं करतात, असं लिहिल्यावर ४४.१ टक्क्यांनी. दुसऱ्या फेरीत 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी' असं लिहिलं तेव्हा ४९.३ टक्के. खोली तीच असण्याशी टॉवेलाचा काय संबंध? काही नाही. पण जवळीक वाटते.

हीच युक्ती उलटते तेव्हा जोरात उलटते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. तिथे चालडिनी यांच्या गटाने वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'पूर्वीच्या अनेक पाहुण्यांनी लाकूड नेल्याने जंगलाचं रूप बदललं' अशी पाटी असलेल्या वाटेवरून, संशोधकांनी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' अशी साधी विनंती होती तिथून १.६७ टक्के. म्हणून 'अजून ८० टक्के लोकांनी नूतनीकरण केलेलं नाही, त्वरा करा' असा मेसेज पाठवताना हात आवरा. तुम्ही त्याला सांगताय की न करणारेच बहुसंख्य आहेत, बस निवांत.

तोटा दाखवणं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. १९९२ च्या त्यांच्या पुढच्या लेखात हे माप साधारण सव्वादोन पट आलं. मार्केटिंगच्या व्याख्यानांत हा आकडा निसर्गनियमासारखा सांगतात. तसा तो नाही, परिस्थितीनुसार हलतो. मी एवढंच करते की 'तुमची जागा राखून ठेवली आहे, उद्या सोडावी लागेल' असं लिहिते, तेही खरंच सोडायची असेल तेव्हा. ज्या मेसेजमध्ये दर आठवड्याला काहीतरी गमावण्याची धमकी असते तो लोक म्यूट करतात.

पर्याय कमी करणं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग सगळ्यांना तोंडपाठ असतो. २४ चवी मांडल्या तेव्हा बघायला जास्त लोक थांबले, पण त्यातल्या सुमारे ३ टक्क्यांनीच घेतलं. ६ चवी होत्या तेव्हा ३० टक्क्यांनी. त्याचा पुढचा अंक मात्र फार कुणी सांगत नाही. २०१० साली शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. कुठे पर्याय घटवून फायदा, कुठे वाढवून. म्हणजे 'पर्याय तीनच ठेवा' हा नियम डोळे झाकून लावू नका. ग्राहकाला काय हवंय ते नेमकं ठाऊक असेल तर भरपूर पर्याय त्याला आवडतात. ठाऊक नसेल तर 'नवीन आहात? इथून सुरुवात करा' असा एक रस्ता दाखवा आणि बाकीचे पर्याय राहू द्या.

सुरुवात झाल्याचं दाखवणं. ही माझी लाडकी. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ यांनी २००६ साली एका कार वॉशमध्ये ३०० कार्डं वाटली. निम्म्या कार्डांवर ८ शिक्के मारून घ्यायचे होते. निम्म्यांवर १० चौकटी होत्या, पण २ आधीच भरलेल्या. दोन्हीकडे उरलेलं काम तेवढंच, ८ शिक्के. साधी कार्डं १९ टक्के पूर्ण झाली, दोन शिक्के भरलेली ३४ टक्के. आमच्याकडे नोंदणी झाली की लगेच 'पाचपैकी पहिली पायरी झाली' असं दिसतं. नोंदणी ही खरोखरच पहिली पायरी आहे, त्यामुळे यात फसवणूकही नाही.

अँकरिंगबद्दल एवढंच सांगते: आधी दिसलेला आकडा पुढच्या अंदाजाला ओढतो हे खरं आहे, पण मूळ किंमत फुगवून तिच्यावर काट मारणं हा त्याचा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात लवकर उघडा पडणारा वापर आहे.

## ७. चाचणी घ्या, आणि तुमच्याकडे गर्दी नसेल तर घेऊ नका

अर्ध्या लोकांना जुनं, अर्ध्यांना नवं, ही ए/बी चाचणी. वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी हवी. या आठवड्यात जुनं आणि पुढच्या आठवड्यात नवं, असं केलंत तर महिनाअखेर, सुट्ट्या, हवामान सगळं त्यात मिसळतं.

किती लोक लागतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. नेहमीची सांख्यिकी शिस्त पाळायची तर ५ टक्क्यांचे ६ टक्के झाले का हे कळायला प्रत्येक गटात साधारण ८,००० जण लागतात. ५ चे १० झाले का हे कळायला साडेचारशेच्या आसपास पुरतात. तुमच्या पानावर महिन्याला सहाशे लोक येत असतील तर बटणाचा रंग तपासण्यात अर्थ नाही. तुम्ही मोठे बदल करा, पाच-पाच माणसांना समोर बसवून बघा, आणि बारीकसारीक फरकांचा नाद सोडा.

गर्दी असेल तर चाचणी किती दिवस चालणार ते आधी वहीत लिहा आणि तोवर निकाल जाहीर करू नका. रोज सकाळी आकडे उघडून 'जिंकलं!' दिसलं की थांबवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. रोज नाणं उडवत बसलात तर एखाद्या दिवशी छापा पुढे दिसणारच.

अपेक्षाही आधीच खाली आणून ठेवा. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या 'नज' पथकांच्या (नज म्हणजे सक्ती न करता लहानशा बदलाने वर्तनाला दिलेला हलका धक्का) १२६ चाचण्या एकत्र पाहिल्या. त्यांत मिळून २ कोटी ३० लाखांवर लोक होते. नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत अशा युक्त्यांचा सरासरी परिणाम ८.७ टक्के-गुण दिसतो. प्रत्यक्ष मैदानात तो १.४ निघाला. चमकदार निकाल छापले जातात, फिके फाइलमध्ये राहतात. याच क्षेत्रातला, अर्जावर सही वरच्या बाजूला घेतली तर लोक जास्त प्रामाणिक राहतात असं सांगणारा २०१२ चा गाजलेला शोधनिबंध, त्यातली आकडेवारी बनावट निघाल्यामुळे २०२१ साली मागे घेतला गेला. व्याख्यानांच्या जुन्या स्लाइड्समध्ये तो अजूनही भेटतो. भेटला तर पुढे पाठवू नका.

आणि फक्त क्लिक मोजू नका. परतावे, तक्रारी, सहा आठवड्यांनंतर किती जण टिकले हेही त्याच शीटमध्ये घ्या. क्लिक वाढवून परतावे वाढवणारा बदल मी स्वतः दोनदा 'यशस्वी' म्हणून मिरवला आहे.

## ८. कुठे थांबायचं

मघाशी सांगितलेलं ते उलटं घड्याळ खोटं होतं. पान पुन्हा उघडलं की ते परत पंधरा मिनिटांवर येत असे. एका ग्राहकाने त्याचे दोन स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून मला पाठवले. खाली एकच ओळ होती: "ताई, फोटोतली वेळ बघा, तुम्हीच शिकवता ना फोटो नीट बघायला?" घड्याळ त्याच संध्याकाळी काढलं. त्यांना उत्तर लिहायला मात्र दोन दिवस लागले.

अशा फसव्या रचनांना २०१० साली हॅरी ब्रिग्नल यांनी 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, आणि आता अनेक देशांत त्यांच्याविरुद्ध नियम आहेत. माझी कसोटी कायद्याहून सोपी आहे: ही युक्ती ग्राहकाला समोर बसवून समजावून सांगता येईल का? 'पहिली पायरी झाली असं दाखवतो, म्हणजे पुढे जायला हुरूप येतो' हे सांगता येतं. 'घड्याळ खोटं आहे' हे सांगता येत नाही. आणखी एक: जितक्या टिचक्यांत सदस्य होता येतं तितक्याच टिचक्यांत बाहेर पडता आलं पाहिजे. हे वरिष्ठांना पटवणं अवघड जातं, तेव्हा परताव्यांचा आणि तक्रारींचा रकाना दाखवा.

वही कशी ठेवायची

प्रत्येक बदलाला एक पान. तारीख, कोणतं वर्तन, कुठल्या ग्राहकाच्या कुठल्या वाक्यावरून सुचलं, काय बदललं, काय होईल असं वाटतं (हे आधी लिहायचं, निकालानंतर नाही), किती लोक, किती दिवस, निकाल. फसलेली पानं फाडू नका. नवा सहकारी आला की मी त्याला आधी तीच वाचायला देते. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

> वर्तन: पहिल्या तासानंतर दुसऱ्या तासाला येणं.
> कशावरून सुचलं: "पहिल्या तासाला काढलेले फोटो कुठे ठेवले तेच सापडेना."
> बदल: तास संपताच त्यांचाच एक फोटो त्यांना परत पाठवायचा, खाली पुढच्या तासाची वेळ.
> अंदाज: बरेच जास्त येतील.
> निकाल: आले, पण माझ्या अंदाजाच्या निम्मेसुद्धा नाही. ठेवलं. फोटो पाठवायला रोज अर्धा तास जातो, तो कमी कसा करायचा ते पुढच्या पानावर.